कोळिष्टकांच्या बाई

खोली दाखवण्याआधी बाईंनी मला झाडू दाखवला. साधाच झाडू, पण त्याचा दांडा निम्म्यावर कापलेला.

"हा मी स्वतः कापलाय," त्या म्हणाल्या. "जमीन रोज झाडायची. छत आणि कोपरे आपले नाहीत. उंच हात नेऊन झाडायची सवय असेल तर आत्ताच सांगा, म्हणजे दोघांचाही वेळ वाचेल."

मी वर पाहिलं. कोपरे खरोखरच आपले नव्हते. प्रत्येक कोपऱ्यात पिढ्यान्‌पिढ्यांची कोळिष्टकं लोंबत होती आणि त्यांचे मालक आपापल्या जागी बसून माझ्याकडे पाहत होते. मी कृषी सहायक म्हणून भोर तालुक्यात नुकता रुजू झालो होतो आणि भोरात खोल्या शोधून थकलो होतो. कुणाला ब्रह्मचारी भाडेकरू नको होता, कुणाला मटण खाणारा. शेजारच्या उत्रोली गावच्या या बाईंना दोन्हीचं काही नव्हतं. मी काय खातो यापेक्षा मी काय मारतो याची त्यांना काळजी होती. डासांची उदबत्ती नको, फिनेल नको, फवारा तर नकोच नको. त्याबदली एक जुनी मच्छरदाणी त्यांनी स्वतः धुऊन दिली. मी कुठल्या खात्यात आहे हे कळल्यावर मात्र त्या जरा थांबल्या.

"म्हणजे तुम्ही फवारायला सांगणारे."

"गरज असेल तरच सांगतो, बाई."

"गरज कुणाची ते विचारत चला," असं म्हणून त्यांनी किल्ली हातात ठेवली. त्या दिवसापासून त्यांनी मला नावानं हाक मारली नाही. "अहो फवारणीवाले, चहा झालाय" अशीच हाक यायची.

बाई पुण्याच्या कुठल्याशा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. निवृत्त झाल्यावर आईच्या दुखण्यासाठी म्हणून गावी आल्या आणि आई गेल्यावरही परत गेल्या नाहीत. लग्न केलेलं नव्हतं. गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं एक भिंग कायम असे. गावातल्या बाया हसून म्हणत, की बाईंनी काळी पोत घातली ती भिंगाच्या नावानं. हे बाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी पाणवठ्यावर जाऊन खुलासा केला, की ही पोत नाही, काळा दोरा मळलेला दिसत नाही एवढंच. त्यांना वाटलं गैरसमज दूर झाला. बायांना पुढचे चार महिने पुरेल एवढा विषय मिळाला.

दिवेलागणीला त्या ओसरीतला दिवा लावून मागं एक पांढरी चादर टांगत आणि समोर खुर्ची टाकून बसत. उजेडाला येणारे किडे चादरीवर बसत आणि बाई त्यांना बघत. रस्त्यानं जाणारा एखादा हटकून विचारायचा, "काय बाई, चादर वाळली का न्हाई अजून?" बाई प्रामाणिकपणे सांगायच्या, "ती ओली नाहीच." हे रोज चाले.

बाई खोटं बोलत नसत, असं म्हटलं तर ते कौतुक वाटेल. प्रत्यक्षात तो एक उपद्रव होता. शेजारणीनं सणाची पुरणपोळी आणून "कशी झालीय?" म्हणून विचारलं, तर "कडा जाड राहिल्यात" असं उत्तर मिळे. गावातला एक म्हातारा वारला, तेव्हा ओट्यावर जमलेली मंडळी "देवमाणूस हुता" म्हणत होती. बाई म्हणाल्या, "देवमाणूस नव्हता. गेल्या साली त्यानं माझा बांध कोरला. पण गाणं चांगलं म्हणायचा." लोक खाली मान घालून बसले. मी एकदा मला सांगून आलेल्या मुलीचा फोटो त्यांना दाखवला. त्यांनी भिंग लावून पाहिला आणि म्हणाल्या, "यावरून काहीही कळत नाही." आमच्या खात्याच्या पत्रकावर 'कोळी हा शेतकऱ्याचा मित्र' असं छापलेलं होतं. ते वाचून त्यांनी विचारलं, "कोळ्याला विचारलंत का?"

मला आधी वाटायचं, हा शिक्षकी खाक्या आहे. मग एकदा त्यांचा धाकटा भाऊ पुण्याहून आला. तो वर्षातून एकदा घरपट्टीसाठी यायचा आणि ओसरीच्या आत पाऊल टाकायचा नाही. बाई पाणी आणायला आत गेल्या तेवढ्यात मी सहज म्हटलं, की बाई स्पष्टवक्त्या आहेत हो फार. तो म्हणाला, "तुम्हाला गंमत वाटते. आमच्या आईनं शेवटच्या दुखण्यात विचारलं, मी उठेन ना यातून? आम्ही सगळे म्हणालो, उठशील. मग आईनं हिला विचारलं. ही म्हणाली, नाही आई, उठणार नाहीस. आईनं तोंड भिंतीकडं केलं ते केलंच. त्यानंतर जाईपर्यंत ती हिच्याशी बोलली नाही." इतक्यात बाई तांब्या घेऊन आल्या. त्यांनी ऐकलं होतं. भावापुढं तांब्या ठेवून त्या एवढंच म्हणाल्या, "तिनं मला विचारलं होतं." भाऊ पाणी न पिता गेला. मला त्या दिवशी बाईंचा राग आला होता, आणि त्या तांब्याकडं पाहत उभ्या राहिल्या तेव्हा कीवही आली होती.

आता त्या किड्याबद्दल सांगायला हवं, कारण बाईंचं सगळं आयुष्य अखेरीस त्याच्यापाशी येऊन थांबलं होतं.

तो मी पहिल्यांदा त्यांच्या चादरीवरच पाहिला. बोटाच्या पेराएवढा. पुढून पाहावं तर नाकतोड्यासारखा, तोच जो पुढचे पाय जोडून नमस्कार केल्यासारखा बसतो. मागून पाहावं तर गांधीलमाशीसारखी पिवळी-तपकिरी कंबर आणि पारदर्शक जाळीदार पंख. दोन किडे मधोमध कापून कुणीतरी चुकीचे जोडलेत असं वाटावं. तो चादरीवर अगदी निवांत बसला होता. एक छोटा पतंग त्याच्याजवळ उतरला, आणि काय झालं हे कळायच्या आत तो पतंग त्या जोडलेल्या हातांत होता. किड्यानं त्याला डोक्याकडून खायला सुरुवात केली. पंख खाली टाकून दिले. खाणं झाल्यावर त्यानं दोन्ही हात तोंडानं एकेक करून स्वच्छ केले आणि पुन्हा जोडले.

"नमस्कार करतोय असं वाटतं ना?" बाई म्हणाल्या. "करत नाही."

त्याचं इंग्रजी नाव मँटिडफ्लाय. या नावावर बाईंचा राग होता. हा मँटिस म्हणजे नाकतोडा नाही आणि माशीही नाही, मग एकाच नावात दोन थापा कशाला? मराठीत त्याला नावच नाही. आमच्या शेजारच्या हौसाआक्कांनी एकदा तो पाहिला आणि म्हणाल्या, "पुढलं नाकतोड्याचं मागून आनलंय, मागलं गांधीलमाशीचं. उसना किडा हाय जणू." बाईंनी थोडा विचार केला. उसनं आणलेलं नाही, त्याचं त्याचंच आहे, हे त्यांनी सांगितलंच. पण पुढं त्याही 'उसना किडा'च म्हणू लागल्या.

चादरीवर येणारे उसने किडे बाईंच्या ओळखीचे होते. पण एकदा वेल्ह्याकडं, विंझरच्या वर डोंगरात असलेल्या धनगरवस्तीवर, एका गोठ्याच्या कुडावर त्यांना वेगळाच दिसला. काळसर, आखूड मानेचा, पंखांवर धुरकट पट्टा. बाईंनी तो कुठल्याच पुस्तकात मिळाला नाही म्हणून ठिकठिकाणी विचारलं. ज्यांना कळतं त्यांनी कळवलं, की या गटाबद्दल फारसं कुणालाच ठाऊक नाही. मोठेपणीचा एखादा नमुना कुठं कुठं टाचणीला लावलेला आहे. पण तो लहानपणी कुठं राहतो, काय खातो, हे कुणी पाहिलेलं नाही.

काही उसन्या किड्यांच्या अळ्या कोळ्यांच्या अंड्यांच्या पिशवीत वाढतात, तसाच हाही वाढत असणार असा बाईंचा अंदाज होता, आणि त्यांना ते पाहायचं होतं. कोळ्याच्या पिशवीतून तो बाहेर येताना एकदा, स्वतःच्या डोळ्यांनी. "एवढं झालं की झालं," असं त्या म्हणत. वस्तीवर त्या वर्षानुवर्षं जात राहिल्या. भोरहून एसटीनं चेलाडी फाट्याला, तिथून मार्गासनी, विंझर, आणि मग चढ. पिशवीत रिकाम्या बरण्या. पण अलीकडं त्यांना धाप लागायला लागली होती, आणि डॉक्टरांनी चढ बंद म्हणून सांगितलं होतं. त्या वर्षी भाद्रपदात पावसानं उघडीप दिली तेव्हा त्या मला म्हणाल्या, "फवारणीवाले, मला एकदा वर घेऊन चला. पुढच्या वर्षी मला जमणार नाही." हे त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या नाहीत. उद्या दूध येणार नाही म्हणावं तसं म्हणाल्या.

मी त्यांना विंझरपर्यंत मोटारसायकलवर नेलं आणि पुढं हळूहळू चालवत. दर वळणावर बसत बसत आम्ही वर पोहोचलो. वस्तीवरल्या बाईनं ताक दिलं आणि दगडाखालच्या कोळ्यांसाठी म्हाताऱ्या माणसानं एवढं यावं याबद्दल हसू दाबलं. बाई माळावर गुडघ्यांवर बसून दगड उलटवू लागल्या. जाळं न विणता जमिनीवर पळून शिकार करणारे कोळी असतात, तसले त्यांना हवे होते. त्यातल्या माद्या अंड्यांची पिशवी बुडाला चिकटवून घेऊन हिंडतात. उन्हं कलताना एका मादीला भिंग लावून त्या थांबल्या आणि मला हातानं बोलावलं. मला आधी नुसता कोळी दिसला. मग त्याच्या कमरेशी, शरीराचे दोन भाग जिथं जुळतात तिथं, कोंड्याच्या कणाएवढं काहीतरी बिलगलेलं दिसलं.

"अळी," बाई म्हणाल्या. "त्या काळसर किड्याचीच असेल. असायला हवी."

उतरताना मादी ठेवलेली बाटली त्यांनी माझ्या हातात दिली नाही. पदरात धरून ठेवली होती.

मादीला घरी ओली माती घातलेल्या काचेच्या बरणीत ठेवलं, तोंडाला मलमल बांधली. बाई रोज तिला खायला घालत. एका सकाळी मी आंघोळीला गेलो असताना बाईंची हाक आली. तशी हाक त्यांनी आयुष्यात कुणाला मारली नसेल. मी ओल्या अंगानं धावलो. मादीनं रेशमाची वाटोळी पिशवी करून बुडाला लावली होती, आणि तिच्या कमरेशी आता कुणीच नव्हतं.

"आत गेली," बाई म्हणाल्या. "मादी पिशवी विणत होती तेव्हा आत गेली."

हे ऐकायला त्या क्षणी दारात आणखी एक माणूस होतं, हौसाआक्का. बाईंचं ओढ्याकडचं भाताचं खाचर त्या वाट्यानं करत आणि घरचा केरही काढत. कापलेल्या दांड्याच्या झाडूनं केर काढण्यात त्यांच्याइतकं तरबेज कुणी नव्हतं. त्यांची लेक मंदा त्या वेळी बाळंतपणासाठी माहेरी आलेली होती. आधी दोनदा तिचं पोट पडलं होतं. आता सातवा चालू होता आणि आक्का पाऊल टाकताना जमीन दुखेल अशा चालत. त्यांच्याकडं रीत अशी, की घरात पोटुशी असली की कुणाचं घरटं मोडायचं नाही, कुणाचं बीळ बुजवायचं नाही, अंडं फोडायचं नाही. उंदरांनी त्यांच्या भिंतीत वाट केली होती, ती त्यांनी मुलाला बुजवू दिली नव्हती.

"काय आत ग्येलं, बाई?" त्यांनी विचारलं.

विचारलं म्हणजे बाई सांगणारच. त्यांनी भिंगातून पिशवी दाखवली आणि सगळं सांगितलं. आत अंडी आहेत. अंड्यांत ती अळी आहे. ती एकेक अंडं टोचून आतला रस पिईल, सगळी संपली की तिथंच कोष करील आणि मग पिशवी फाडून उसना किडा बाहेर येईल.

"आन् आईला कळत न्हाई?"

"नाही."

"अंगाला बांधून हिंडती आन् कळत न्हाई?"

"तिला पिशवी कळते, हौसा. आत काय आहे ते कळत नाही. अंडी आहेत असं समजून ती सांभाळत राहते."

हौसाआक्का बराच वेळ बरणीकडं पाहत होत्या. मादी पिशवी घेऊन काचेला धरून चढायला बघत होती आणि घसरत होती.

"मंग तुमी काढा की त्याला भाईर."

"मी यात कुणाच्या बाजूची नाही."

"आसं आसतं व्हय? डोळ्यांदेखत आईची लेकरं खात्यात आन् बाजू न्हाई?"

बाईंना प्रश्नच समजला नाही असं मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. आक्कांनी केर भरला आणि त्या गेल्या. पुढं आक्का त्या खोलीत आल्या की बरणीकडं पाठ करून झाडत.

बाईंनी मात्र त्या दिवसांत जगणं बरणीभोवती लावून घेतलं. खुर्ची तिथं, चहा तिथं. मला म्हणायच्या, "मी डोळा लावते तेवढा वेळ तुम्ही बघा." मी बघत बसायचो. काहीच घडत नसे. मादी एका जागी बसून असायची आणि मधूनच मागचा पाय पिशवीवर ठेवायची. खरं सांगायचं तर मलाही ते बघवत नव्हतं. पण बाईंचं तोंड बघितलं की वाटायचं, येऊ दे बाबा लवकर, जो कोण आहेस तो बाहेर ये.

घट बसायच्या आधीची गोष्ट. भात पोटरीवर होतं. सकाळी मंदाच्या पोटात दुखायला लागलं, थोडं अंगावर गेलं, आणि आक्का तिला टेम्पोत घालून भोरच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. दुपारी डॉक्टरांनी घरी पाठवलं. बाळ ठीक आहे, पण हिला पलंगावरून उठू देऊ नका म्हणून सांगितलं. बाई त्या वेळी त्यांची औषधं आणायला बाजारात गेल्या होत्या. मी गावांतून परतलो तेव्हा संध्याकाळ होत आली होती. बाई ओसरीत खुर्चीवर बसल्या होत्या. चादर टांगलेली नव्हती. मांडीवर बरणी होती आणि बरणीत नुसती माती.

मी काही विचारण्याआधी हौसाआक्का आल्या. बोलावल्याशिवाय, स्वतःहून. पायरीवर बसल्या. लुगड्याला चिखल लागला होता.

"बाई, म्या सोडली तिला."

"कुठं?"

"वड्याच्या बांदावर. गवातात. माजी लेक पलंगाला खिळलीया आन् हितं भिंतीपल्याड... न्हाई बघवलं मला. काय बोलायचं ती बोला."

एवढ्या वर्षांचं वाट पाहणं, तो शेवटचा चढ, सगळं ओढ्याच्या गवतात गेलं होतं, आणि ते परत मिळणार नव्हतं हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. शिवाय बाईंना आणि मला आणखी एक गोष्ट ठाऊक होती. मादीला सोडल्यानं काहीही वाचलं नव्हतं. अळी पिशवीतच होती. ओढ्याच्या बांधावरही ती आतल्या आत खाणार होती, आणि मादी पिशवी घेऊन हिंडणार होती.

आक्कांनी वर पाहिलं. "बाई, आता वाचत्याल का वो तिची पिल्लं?"

मी बाईंकडं पाहिलं नाही. पाहायचं धाडस झालं नाही. मला ते "नाही" अगदी स्पष्ट ऐकू येत होतं.

"वाचतील," बाई म्हणाल्या. "मोकळ्या रानात अळी सोडून जाते. बरं केलंस, हौसा. मंदाला सांग, झोपून राहा."

आक्का उठल्या. त्यांनी बाईंच्या पायांना हात लावला, जे त्यांनी कधी केलं नव्हतं, आणि त्या गेल्या. मला राहवलं नाही.

"बाई, पण अळी तर सोडून..."

"ठाऊक आहे मला."

"मग?"

"तुम्ही तोंड फवारणीपुरतं उघडत जा," बाई म्हणाल्या. आत गेल्या आणि बरणी धुऊन पालथी घातली. मला बाईंबद्दल जेवढी माया वाटली असेल ती सगळी त्या संध्याकाळची आहे.

दुसऱ्या दिवसापासून त्या सकाळी ओढ्याकडं जाऊ लागल्या. आक्का बांधावर दिसल्या की म्हणत, पाय मोकळे करायला आले. जिला धाप लागायची ती बाई रोज सकाळी पाय मोकळे करत होती, आणि भिंग पदराखाली लपवत होती. खाचराच्या कडेच्या गवतात वाकून वाकून त्यांनी किती पाहिलं असेल कुणास ठाऊक. मादी सापडली नाही. भात कापायला आलं आणि त्या जायच्या थांबल्या.

मंदाला दिवाळीनंतर मुलगी झाली. लहानखुरी, पण खणखणीत रडणारी. बाई बघायला गेल्या तेव्हा मी बरोबर होतो. त्यांनी भिंग काढून बाळाची नखं पाहिली आणि म्हणाल्या, "सगळी आहेत." बाळंतिणीच्या खोलीत बाया जमल्या होत्या, आणि हौसाआक्का प्रत्येकीला सांगत होत्या की त्या कोळ्याच्या आईनं आशीर्वाद दिला म्हणून हे दिसलं, बाईंनीच सांगितलं तिची पिल्लं वाचली म्हणून. बाया बाईंकडं वळून बघू लागल्या. बाईंच्या शब्दाला त्या खोलीत वजन होतं, कारण बाई कधी तोंडदेखलं बोलत नाहीत हे सगळ्यांना पोळून पोळून ठाऊक झालं होतं. बाई बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी मान हलवली. हो म्हणून.

पुढच्या उन्हाळ्यात बाई गेल्या. झोपेतच. माझी तोवर वेल्ह्याला बदली झाली होती. मी पोहोचलो तेव्हा सगळं आवरलं होतं. भावानं सगळं केलं, आणि ओसरीच्या आत आला तो त्याच दिवशी. मला त्याला त्या संध्याकाळची गोष्ट सांगावीशी वाटली. पण तो भिंतीशी तोंड करून रडत होता. मी नुसता त्याच्याशेजारी बसलो.

दसऱ्याच्या सुमाराला भोरला एका बैठकीला गेलो होतो. परतताना उत्रोलीत थांबलो. हौसाआक्का ओढ्याकडच्या खाचरात गवत काढत होत्या. मंदा माहेरी आली होती, घरी होती. तिची पोरगी बांधावर सावलीला बसून मातीत हात घालत होती. आक्कांनी पाणी दिलं. इकडचं तिकडचं बोलणं झालं, भाताबद्दल, बाईंच्या घराला भावानं कुलूप लावल्याबद्दल. मग मीच म्हणालो, की त्या कोळ्याच्या मादीसाठी बाई इथं रोज सकाळी यायच्या.

"ठावं हाय मला," आक्का म्हणाल्या. "पाय मोकळं करायला कोन वाकून चालतं?"

त्यांनी विळा बांधावर टेकवला.

"आवो, म्या तिला हितं सोडली आन् घराकडं वळले, तवाच डोस्क्यात आलं. तांदळात टोका शिरला म्हंजी पोतं दुसऱ्या घरात ठिवलं म्हनून दाना वाचतो का? किडा तर आतच हुता की. माघारी पळाले, धुंडली, कुठली घावती. मंग तशीच बाईंकडं ग्येले."

"मग त्यांना विचारलंत कशाला, वाचतील का म्हणून?"

"त्या खोटं बोलत न्हाईत म्हनून इचारलं. वाटलं, न्हाई म्हनत्याल, दोन शिव्या देत्याल, मंग माजं मन निवंल. तर त्या वाचतील म्हनल्या." त्यांनी विळ्याच्या पात्यावरची माती पुसली. "त्यांच्या त्वांडाकडं बगितलं तुमी? कानाच्या पाळ्या लाल झाल्या हुत्या. सवय न्हाई वो त्या बाईला. मंदासाटी मी कसली भ्याले हुते ती त्यांना दिसलं. मंग म्या बी पाया पडले आन् आले."

"त्यांना कधी सांगितलं नाही? तुम्हाला कळलंय म्हणून?"

पोरगी मुठीतली माती तोंडात घालत होती. आक्कांनी जाऊन तिची मूठ सोडवली, पदरानं तिचं तोंड पुसलं आणि तिला कडेवर घेतलं.

"कसं सांगू? आक्ख्या जन्मात येक खोटं बोलल्या, ते बी माज्यासाटी," त्या म्हणाल्या. "ते म्या गावभर खरं करून सांगत हिंडले. त्या जाईस्तवर."